ध्वनिपुनरुत्पादन साधने, घरगुती

मुद्रित केलेल्या संगीताचे विद्युत् संकेतात आणि त्या संकेताचे पुन्हा श्राव्य ध्वनीत रूपांतर करणाऱ्या, घरी वापरावयाच्या साधनांच्या संचाला घरगुती ध्वनिपुनरुत्पादन साधने असे म्हणतात. अशा संचाचे सामान्यतः चार भाग असतात : (१) मुद्रित संकेत पुरविणारा उद्‌गम, (२) अंकीय संकेताचे अखंड बदलत्या विद्युत् दाबात रूपांतर करणारा परिवर्तक, (३) विवर्धक आणि (४) ध्वनिक्षेपक किंवा हेडफोन. ज्या खोलीत संगीत ऐकले जाते ती साधनांबरोबर विकत घ्यावी लागत नाही, म्हणून तिचा समावेश या यादीत होत नाही. तथापि ध्वनीवर होणारा तिचा परिणाम लक्षात घेता तिला संचाचा पाचवा भाग मानणेच युक्त ठरते.

या पाच भागांची प्रगती सारख्या प्रमाणात झालेली नाही. अंकीय तंत्रामुळे पहिले दोन भाग माफक किंमतीच्या साधनांतही मानवी कानाच्या मर्यादेपर्यंत पोहोचले आहेत. ध्वनिक्षेपक आणि खोली यांच्यात मात्र मूळ ध्वनीत आजही सहज ऐकू येणारे फेरफार होतात. साधनांची निवड करताना हा भेद ध्यानात न घेतल्यास पैसा जेथे फरक पडत नाही तेथे खर्च होतो आणि जेथे पडतो तेथे अपुरा राहतो.

ऐतिहासिक आढावा : टॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. भारतात ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यास ध्वनिमुद्रणे केली. त्यांत गौहर जान यांच्या गायनाचा समावेश होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे तासभर चालणारा राग गायकांना तेवढ्या वेळात आटोपशीरपणे मांडावा लागे. १९४८ मध्ये आलेल्या दीर्घवादन तबकडीमुळे ही मर्यादा दर बाजूस वीस मिनिटांच्या पुढे गेली. १९३१ मध्ये ॲलन ब्लमलाइन यांनी एकस्व मिळविण्यासाठी मांडलेली द्विमार्गी म्हणजे स्टिरिओ ध्वनीची कल्पना १९५८ च्या सुमारास तबकड्यांच्या रूपाने घरोघर पोहोचू लागली. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली संहत तबकडी, म्हणजेच सीडी, ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीस आली. तिच्यावर सु. ७४ मिनिटांचे संगीत मावते. विलंबित ख्याल व त्यानंतरची द्रुत बंदिश मध्ये तबकडी न उलटता ऐकणे तिच्यामुळे शक्य झाले.

सीडी : १२ सेंमी. व्यासाच्या या तबकडीवर आतून बाहेर उलगडत जाणाऱ्या सर्पिल मार्गावर सूक्ष्म खळगे असतात. मार्गाच्या दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रोमीटर असते. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर किरण या मार्गावरून परावर्तित होतो व परावर्तित प्रकाशातील बदलांवरून अंकीय संकेत वाचला जातो. ध्वनितरंगाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन प्रत्येक नमुना १६ बिटांच्या अंकाने म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीने दर्शविलेला असतो. कोणत्याही तरंगातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतल्यास तो तरंग पूर्णपणे पुन्हा उभा करता येतो, हा नमुनासिद्धांत क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात मांडला. मानवी श्रवणाची वरची मर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ असून वयाबरोबर ती खाली येते. म्हणून ४४,१०० हा आकडा पुरेसा ठरतो. तबकडीवर लहानसहान चरे पडले, तरी संकेतात मिसळलेल्या जादा अंकांच्या आधारे प्रमादांचे निवारण होते. साहजिकच, तबकडी नीट वाचली जात असेल तर स्वस्त व महाग वादकयंत्रांनी वाचलेले अंक एकच असतात.

स्ट्रीमिंग : संगीताचा अंकीय संकेत कायम साठवून न घेता महाजालावरून वाहत्या रूपात मिळवून ऐकणे याला स्ट्रीमिंग म्हणतात. सीडीवरील संकेताचा वेग दोन मार्ग मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट असतो. एक तासाच्या संगीतासाठी त्याला सु. ६३५ मेगाबाइट जागा लागते. एवढा साठा वाहून न्यावा लागू नये म्हणून संकेताचे संक्षेपण करतात. संक्षेपण दोन प्रकारचे असते. पहिल्यात मोठ्या ध्वनीमुळे झाकला जाणारा लहान ध्वनी कानाला जाणवत नाही या गुणधर्माचा उपयोग करून संकेतातील काही भाग कायमचा वगळतात. एमपी३ ही पद्धती या प्रकारची होय. सेकंदाला ३,२०,००० बिट वेगाने एक तासाचे संगीत सु. १४४ मेगाबाइटांत मावते आणि या वेगाला मूळ मुद्रणाशी असलेला फरक ओळखणे बहुतेक श्रोत्यांना अवघड जाते. वेग बराच कमी केल्यास मात्र टाळीचा ठोका बोथट होणे, तंबोऱ्याची आस अस्थिर भासणे असे दोष जाणवू लागतात. दुसऱ्या, अक्षय प्रकारच्या संक्षेपणात काहीही वगळले जात नाही. २००१ मध्ये प्रसृत झालेली फ्लॅक ही पद्धती या प्रकारात मोडते. ॲपल म्युझिक या सेवेने २०२१ मध्ये जादा मूल्य न आकारता अक्षय प्रकार उपलब्ध केला.

ब्लूटूथने संगीत पाठविताना संकेताचे सामान्यतः पुन्हा एकदा संक्षेपण होते. वाय-फाय किंवा तार यांच्या द्वारे तो जसाच्या तसा पाठविता येतो. भारतीय संगीताच्या श्रोत्याने सेवा निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात : एकाच रागाचे सलग भाग मध्ये खंड न पडता वाजतात की नाही, आणि साथीदारांची नावे, राग व ताल यांची नोंद दिली आहे की नाही. सीडीबरोबरच्या पुस्तिकेत ही माहिती बहुधा मिळते. शिवाय प्रकाशकाशी असलेला करार संपल्यास एखादे मुद्रण सेवेतून नाहीसे होऊ शकते. विकत घेतलेली सीडी श्रोत्याजवळ राहते. दुर्मिळ मुद्रणांच्या सीडी जपून ठेवाव्यात आणि त्यांच्या फ्लॅक प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवाव्यात.

परिवर्तक : अंकीय संकेताचे विद्युत् दाबात रूपांतर करणारा हा भाग वादकयंत्रात, दूरध्वनी संचात किंवा विवर्धकातच अंतर्भूत असतो, स्वतंत्रही मिळतो. सीडीहून अधिक नमुने व बिट असलेली ‘उच्च विभेदन’ मुद्रणे आणि त्यांसाठीचे महाग परिवर्तक यांचा बराच प्रचार होतो. ई. ब्रॅड मायर व डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उच्च विभेदन संकेत सीडीच्या दर्जावर उतरविला आहे की नाही हे श्रोत्यांना ५५४ चाचण्यांत ओळखावयाचे होते. सु. निम्मीच उत्तरे बरोबर आली. म्हणजे नाणे उडवून जे साधले असते तेवढेच साधले. जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास करून २०१६ मध्ये काढलेल्या निष्कर्षाप्रमाणे असा फरक ओळखता येतो, पण बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपासच राहते. घरगुती निवडीत हा मुद्दा दुय्यम मानावा.

विवर्धक : परिवर्तकाकडून येणारा क्षीण संकेत ध्वनिक्षेपक चालविण्याइतका समर्थ करण्याचे काम विवर्धक करतो. त्याची शक्ती वॉटमध्ये सांगतात. शक्ती दुप्पट केल्यास ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. ध्वनी दुप्पट मोठा भासण्यास सु. १० डेसिबेल वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे ४० वॉटऐवजी ५० वॉटचा विवर्धक घेऊन ऐकण्यात विशेष फरक पडत नाही. १ वॉट शक्तीला १ मी. अंतरावर ८६ डेसिबेल पातळी देणारे दोन ध्वनिक्षेपक व २.५ मी. अंतरावरील श्रोता असे उदाहरण घेतल्यास, ७५ डेसिबेल या सर्वसाधारण पातळीला पाव वॉटही पुरतो आणि २० डेसिबेलने उंचावणाऱ्या क्षणिक आघातांसाठी प्रत्येकी सु. २५ वॉट लागतात. जाहिरातींत ‘पीएमपीओ’ म्हणून दिले जाणारे शेकडो वा हजारो वॉटचे आकडे क्षणमात्र शक्तीचे असून निवडीसाठी निरुपयोगी आहेत. सतत देता येणारी शक्ती आणि त्या वेळचे विरूपण हेच आकडे पाहावेत. ध्वनिक्षेपकास जोडण्यासाठी १.५ चौ. मिमी. छेदाची साधी तांब्याची दुपदरी तार पुरेशी असते, ५ मी. लांबीच्या जोडणीत तिचा एकूण रोध सु. ०.१२ ओहम म्हणजे ८ ओहम संरोधाच्या ध्वनिक्षेपकापुढे नगण्य ठरतो.

ध्वनिक्षेपक : येथे विद्युत् ऊर्जेचे यांत्रिक हालचालीत व तिचे हवेतील तरंगांत रूपांतर होते. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये वर्णिलेला चल-वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक आजही मूलतः त्याच तत्त्वावर चालतो : चुंबकीय क्षेत्रातील वेटोळ्यातून संकेताचा प्रवाह गेला की त्याला जोडलेला शंकू पुढेमागे हालतो. शंकूचे वस्तुमान, पेटीचे कंपन व पेटीतील हवा हे सर्व ध्वनीत आपापली भर घालतात. वेगवेगळ्या कंप्रतांना ध्वनिक्षेपकाचा प्रतिसाद काही डेसिबेलने कमीजास्त होतो. परिवर्तकातील असा फरक याच्या तुलनेत क्षुल्लक असतो. सखल स्वरांसाठी बरीच हवा हालवावी लागते, म्हणून लहान पेटी व सखल स्वर यांचे सहसा जमत नाही.

तंबोरा ही या साधनाची उत्तम परीक्षा होय. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सु. १३९ हर्ट्‌झचा व तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूलस्वर सु. ६९ हर्ट्‌झचा असतो. जवारीमुळे या तारेतून उच्च स्वरांश विपुल प्रमाणात उमटतात. भारतीय तंतुवाद्यांच्या या वैशिष्ट्याकडे चं. व्यं. रामन यांनी १९२१ मध्ये लक्ष वेधले होते. सखल स्वर क्षीण असलेल्या ध्वनिक्षेपकावर खर्जाचा आधार नाहीसा होतो; मध्यभागी उंचवटा असलेल्यावर जवारी कर्कश वाटते. तबल्याच्या डग्ग्यावरील घसीटेची मींड स्पष्ट व सलग ऐकू येते की केवळ घुमते, हेही पाहावे.

खोली : खोलीच्या समोरासमोरील भिंतींमध्ये ठराविक कंप्रतांचे स्थिर तरंग निर्माण होतात. सु. ३.०५ × ३.६६ मी., म्हणजे १० × १२ फुटांच्या खोलीत ते सु. ४७ व ५७ हर्ट्‌झला आणि चारही भिंतींवरील तिरप्या परावर्तनांमुळे सु. ७४ हर्ट्‌झला उद्‌भवतात. खर्जाची तार व डग्गा यांचे सखल ध्वनी याच टप्प्यात येत असल्याने श्रोत्याच्या बैठकीप्रमाणे ते कोठे फुगतात, तर कोठे लोपतात. चौरस खोलीत दोन्ही दिशांच्या कंप्रता एकच होऊन हा दोष बळावतो. दोन ध्वनिक्षेपक व श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण करणे, ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवणे, ध्वनिक्षेपक कोपऱ्यातून बाहेर काढणे आणि बैठक मागच्या भिंतीपासून दूर घेणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. उघडी फरशी व गिलाव्याच्या भिंती यांवरील उच्च स्वरांचे परावर्तन सतरंजी, जाड पडदे, गाद्या व पुस्तकांची कपाटे यांनी कमी होते. सखल स्वरांवर मात्र पातळ आवरणांचा परिणाम होत नाही. [⟶ ध्वनिकी].

हेडफोन व श्रवणरक्षण : हेडफोन वापरल्यास खोलीचा प्रश्न उरत नाही व थोड्या खर्चात बारकावे ऐकू येतात, लहान घरांत तो उत्तम पर्याय ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबेल पातळीचे श्रवण आठवड्यास ४० तासांपर्यंत असावे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की हा काळ निम्मा होतो. कानाला पोहोचलेली अशी इजा भरून येत नाही.

निवडीच्या कसोट्या : प्रथम खोली व बैठकीची जागा निश्चित करावी, त्यानंतर त्या जागेत मावतील असे ध्वनिक्षेपक, त्यांना पुरेल असा विवर्धक आणि शेवटी उद्‌गम निवडावा. एकूण खर्चाचा निम्मा किंवा अधिक भाग ध्वनिक्षेपकांवर करणे इष्ट असते. दोन संचांची तुलना परिचित मुद्रणावर व समान पातळीवर करावी, कारण किंचित मोठा ध्वनी नेहमीच अधिक चांगला भासतो. शक्य असल्यास कोणता संच वाजत आहे हे श्रोत्यास कळू देऊ नये. दुकानातील खोली व घरची खोली यांचा ध्वनी सारखा नसतो, म्हणून काही दिवस घरी ऐकून परत करण्याची सवलत मिळत असल्यास ती घ्यावी. सीडी मोजक्याच असतील, तर त्यांसाठी जुने डीव्हीडी वादकयंत्र किंवा संगणकाचा वाचक चालतो.

निगा : भारतात घरगुती विद्युत् दाब २३० व्होल्ट असतो. अमेरिकेतून आणलेली कित्येक साधने १२० व्होल्टसाठीच बनविलेली असल्याने योग्य रोहित्राशिवाय ती जोडू नयेत. कोकण व गोवा यांसारख्या दमट प्रदेशांत ध्वनिक्षेपकाच्या शंकूभोवतीची फोमची कड काही वर्षांत भुगा होऊन गळते. तेथे रबराची कड असलेले ध्वनिक्षेपक अधिक टिकतात. कड फाटली तरी चुंबक व वेटोळे बहुधा शाबूत असतात व नवी कड बसवून घेता येते. सीडी कडेला धरावी आणि मऊ कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. वर्तुळाकार पुसल्यास चरा मार्गाच्या दिशेने पडून सलग अनेक अंक वाचता येत नाहीत आणि प्रमाद-निवारण अपुरे पडते. [⟶ ध्वनिमुद्रण व पुनरुत्पादन].