जुन्या औद्योगिक यंत्रांतील सर्किट-बोर्डांचा दोषशोध

कारखान्यांतून व प्रयोगशाळांतून आजही अशी अनेक यंत्रे कामावर आहेत की ज्यांचे लोखंडी अंग धडधाकट आहे, परंतु नियंत्रणाचा भार वाहणारा सर्किट-बोर्ड चाळीस वर्षांचा झाला आहे. उत्पादक संस्था बंद पडलेली, आराखडे हरवलेले, बदली बोर्ड दुर्मिळ. अशा स्थितीत एका बोर्डाच्या बिघाडाने सबंध यंत्र भंगारात जाण्याचा प्रसंग येतो. म्हणून दोषशोधाची पद्धती हा कारागिराइतकाच संशोधकाच्याही अभ्यासाचा विषय ठरतो. प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे तिचे विवेचन करावयाचे आहे.

आमच्या कार्यशाळेतील एका जुन्या ताण-परीक्षण यंत्राच्या बोर्डावर टीटीएल जातीच्या आयसी आहेत. सकाळी यंत्र सुरू करताच गणकाचे आकडे मध्येच शून्यावर येत. अर्ध्या तासाने मात्र यंत्र सुरळीत चाले. आम्ही प्रथम गणकाच्या आयसीवर संशय घेतला. तीन आयसी बदलल्या, त्या खटाटोपात तांब्याची एक पट्टी उखडली, आणि दोष होता तेथेच राहिला. वीजपुरवठा मल्टिमीटरने मोजला होता. तो 4.9 व्होल्ट भरला. टीटीएल आयसींना 4.75 ते 5.25 व्होल्ट चालतात. तेव्हा पुरवठा निर्दोष, असा निर्णय आम्ही देऊन टाकला. तर्काची चूक झाली ती येथे.

मल्टिमीटर सरासरी दाखवितो. आयसीला मात्र प्रत्येक क्षणाचा दाब सोसावा लागतो. 50 हर्ट्‌झच्या प्रवाहाचे पूर्ण-तरंग एकदिशीकरण केले असता दाबाची शिखरे दर 10 मिलिसेकंदांनी येतात. दोन शिखरांमधील काळात सारा भार कपॅसिटरने, म्हणजे धारित्राने, वाहावयाचा असतो. भारप्रवाह 0.5 अँपिअर व धारिता 2200 मायक्रोफॅरड धरल्यास या काळात दाब फार तर 2.3 व्होल्टांनी उतरेल. शिखर 11 व्होल्टांचे असेल तर तळ 8.7 व्होल्टांवर राहील. त्यापुढील 7805 या नियामकाला सुमारे 7 व्होल्ट पुरतात. म्हणजे चिंतेचे कारण नाही. आता धारिता 1000 मायक्रोफॅरडपर्यंत घटली अशी कल्पना करू. उतार 5 व्होल्टांचा होतो व तळ 6 व्होल्टांवर जातो. प्रत्येक आवर्तनाच्या अखेरच्या 2 मिलिसेकंदांत नियामकाची मात्रा चालत नाही आणि त्याचा निर्गत दाब 5 वरून 4 व्होल्टांपर्यंत घसरतो. या साऱ्याची सरासरी काढली तर ती येते 4.9 व्होल्ट! आमचे मापन खरे होते. त्याचा अर्थ खोटा लावला गेला होता.

ऑसिलोस्कोप जोडताच सेकंदाला 100 खळगे स्पष्ट दिसले. सकाळच्या लक्षणाचाही उलगडा झाला. ॲल्युमिनियमच्या धारित्रातील विद्युत्-अपघटनी द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो. उरलेला द्रव थंड असता धारिता कमी व अंतर्गत रोध अधिक असतो. ऊब मिळाल्यावर दोन्ही काहीसे सुधारतात. तापमान 10 अंशांनी वाढले की अशा धारित्राचे आयुष्य अदमासे निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. आणि आमचे धारित्र नेमके नियामकाच्या उष्णतेत बसविलेले होते. ते बदलताच दोष नाहीसा झाला.

यावरून कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठरवावा. वीज तोडून मोठी धारित्रे रोधकातून रिकामी करावीत व ती रिकामी झाल्याची मोजून खात्री करावी. ईप्रॉम असल्यास तिच्यातील मजकुराची प्रत आधी काढून ठेवावी. काळाच्या ओघात तिच्यातील विद्युद्भार गळतो. आयसी पुन्हा मिळेल, पण तो कार्यक्रम मिळणार नाही. तिच्या काचेच्या खिडकीवरील चिकटपट्टी काढू नये, कारण अतिनील प्रकाशाने मजकूर पुसला जातो. नंतर भिंगातून सांधे तपासावेत. निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर तिच्यातून झिरपलेल्या क्षाराने तांबे खाल्ले आहे काय, तेही पाहावे. मग पुरवठा ऑसिलोस्कोपने तपासून घड्याळ-स्पंद व रिसेट पाहावेत, आणि तर्क-पातळ्यांकडे सर्वांत शेवटी वळावे. टीटीएलच्या निवेशावर 0.8 व्होल्टांखालील पातळी शून्य व 2 व्होल्टांवरील पातळी एक होय. या दोहोंच्या मध्येच स्थिरावलेली पातळी संशयास्पद समजावी. एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद ठेवावी.

तात्पर्य, सुटा भाग बदलणे ही कृती आहे, निदान नव्हे. जे अनुमान सर्व लक्षणांचा एकत्र उलगडा करीत नाही, त्याच्या भरवशावर कोणी डाखणी हाती घेऊ नये.