रक्ताला इथे फुटतात दोन वाटा

आज आपण शरीरातल्या अशा जागेबद्दल बोलणार आहोत, जिचं नाव काढलं की वर्गात खसखस पिकते. गुदद्वार! हो, शी बाहेर पडते तीच जागा. हसून झालं? मग आता कान देऊन ऐका.

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. त्याच्याखाली जेमतेम 4 सेंटिमीटरची नळी असते, तो गुदमार्ग. त्याच्या आत, साधारण मध्यावर, एक नागमोडी दातेरी रेषा असते. गंमत आहे ती इथेच!

रेषेच्या वरचं बरंचसं अशुद्ध रक्त नीला नावाच्या रक्तवाहिन्यांमधून वर चढतं आणि यकृतात जातं. पोटातून, आतड्यांतून आलेलं जवळजवळ सगळं रक्त यकृत आधी तपासतं. साखर साठवतं, विषारी पदार्थ मोडतं आणि मगच रक्त हृदयाकडे सोडतं. रेषेखालचं रक्त मात्र यकृताकडे फिरकतच नाही. कमरेतल्या मोठ्या नीलांमधून ते सरळ हृदय गाठतं. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरातून कृष्णा बंगालच्या उपसागराकडे निघते आणि सावित्री अरबी समुद्राकडे, अगदी तसंच!

म्हणजे रेषा ही भिंत आहे का? मुळीच नाही. दोन्हीकडच्या नीलांची जाळी एकमेकांत गुंतलेली असतात. पायांतल्या नीलांना रक्त मागे येऊ नये म्हणून झडपा असतात. यकृताकडे जाणाऱ्या या नीलांना त्या नसतात. त्यामुळे आजारपणात यकृत कडक झालं, रक्ताला आत शिरता येईना, की ते उलटं फिरतं आणि या जाळ्यांतून दुसऱ्या वाटेला लागतं. केवढी सोय!

डॉक्टरही या वाटेचा उपयोग करून घेतात. बाळाला आकडी आली, तर त्याला गोळी गिळता येत नाही. अशा वेळी काही औषधं गुदद्वारातून देतात. तिथून ती रक्तात उतरतात, त्यातली बरीचशी यकृताला वळसा घालून पुढे जातात आणि काही मिनिटांत काम सुरू करतात.

आणखी एक नवल सांगायचं राहिलंच. गुदमार्गाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या असतात, बहुधा तीन. त्या फुगून दार घट्ट मिटायला मदत करतात, म्हणून पातळ शी किंवा वारासुद्धा आपण अडवू शकतो. या गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. फार कुंथलं, शी कडक झाली, की त्या सुजतात, खाली सरकतात, कधी रक्त येतं. यालाच मूळव्याध म्हणतात. त्या दातेरी रेषेच्या वर सुई टोचल्यासारखं दुखत नाही, खाली मात्र भयंकर दुखतं, कारण तिथे त्वचेसारख्या नसा असतात.

तेव्हा भाजी, फळं खा, पाणी भरपूर प्या आणि शी आली की रोखून धरू नका. कधी शी करताना दुखलं किंवा रक्त दिसलं, तर लाजून गप्प बसू नका. त्याच दिवशी आईबाबांना सांगा.