उद्या सांभाळणार कोण? बाहेरच्या रिपॉझिटऱ्यांचा वीस वर्षांचा मागोवा

लिनक्सवर बाहेरची रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरचं भांडार, जोडायचा विषय निघाला की सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, खुशाल जोडा, काही होत नाही. दुसरा म्हणतो, हातही लावू नका. गेल्या वीस वर्षांत काय घडलं ते नीट पाहिलं तर दोन्ही सल्ले अपुरे पडतात. गाजलेल्या प्रकरणांत घात झाला तो मुळातच खोट्या निघालेल्या रिपॉझिटऱ्यांनी नव्हे. भल्या माणसांनी उभ्या केलेल्या गोष्टी पुढे बेवारस झाल्या आणि तिथे घात झाला. त्यामुळे ‘आज हे सुरक्षित आहे का’ यापेक्षा ‘उद्या हे सांभाळणार कोण’ हा प्रश्न मोठा आहे. परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावात घरचा अभ्यास, शेतीचे हिशेब आणि सरकारी अर्ज एकाच संगणकावर चालत असतील, तर तिथे या प्रश्नाचं वजन आणखी वाढतं. बिघडलेली यंत्रणा सावरणारा जाणकार तिथे हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही.

या रिपॉझिटऱ्या हौसेपोटी जन्मल्या नाहीत, त्यांच्यामागे खरी गरज होती. 2005 ते 2011 या काळात उबुंटूच्या ‘शिपइट’ योजनेतून सीडी फुकटात टपालाने घरपोच यायची. त्याआधीपासून ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी मिळत होत्या. पण ती सीडी टाकून उबुंटू किंवा फेडोरा बसवलं तरी एमपीथ्री गाणं वाजत नसे. कारण होतं परदेशातल्या पेटंटचं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. 2004च्या अध्यादेशाने ते सैल करायचा प्रयत्न झाला, पण 2005मध्ये संसदेने तो बदल स्वीकारला नाही. तरीही अमेरिकी कायद्याच्या धाकाने गाळलेल्या सोयींची झळ मराठवाड्यातल्या वापरणाऱ्यालाही बसलीच. ती उणीव उबुंटूसाठी मेडिबुंटूने आणि फेडोरासाठी लिव्हना, फ्रेशआरपीएम्स यांनी भरून काढली. ज्यांच्याकडे नेट नव्हतं त्यांच्यासाठी ‘एपीटीऑनसीडी’ होतं: एका संगणकावर उतरवलेली पॅकेजेस सीडीवर घ्यायची आणि दुसऱ्यावर बसवायची. ही कामं करणाऱ्या स्वयंसेवकांचे उपकार मानलेच पाहिजेत.

मात्र रिपॉझिटरी जोडताना आपण नेमकं काय देऊन बसतो, हे फार कमी वेळा सांगितलं गेलं. उबुंटूत जोडणी म्हणजे ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ या फोल्डरमधली एक छोटीशी फाइल आणि सही पडताळण्याची एक किल्ली. पण तिथून आलेल्या पॅकेजमधली स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने चालते. त्याच नावाच्या पॅकेजची वरची आवृत्ती बाहेरच्याने ठेवली, तर पुढच्या अपडेटला मूळ पॅकेज बाजूला सरून बाहेरचं बसतं. 2009च्या उबुंटू 9.10पासून पीपीए, म्हणजे कुणीही वैयक्तिक पातळीवर काढलेली रिपॉझिटरी, जोडणं एका आज्ञेचं काम झालं आणि विचार करायला थांबण्याची जागाच उरली नाही. त्यात ‘एपीटी-की’ने घेतलेली किल्ली फक्त त्या एका रिपॉझिटरीपुरती राहत नसे, कुठल्याही रिपॉझिटरीसाठी ती ग्राह्य धरली जाई. 2021च्या डेबियन 11पर्यंत ही पद्धत कालबाह्य ठरली आणि ‘साइन्ड-बाय’ने प्रत्येक किल्ली आपापल्या रिपॉझिटरीशी बांधायची रीत आली. विश्वास ठेवायचाच, पण मोजून, हे यंत्रणा उभारणाऱ्यांना कळायलाही इतका काळ गेला.

आता बेवारसपणाचे दाखले पाहू. डेबियनसाठी मल्टिमीडिया पॅकेजेस देणारी एक लोकप्रिय रिपॉझिटरी 2012मध्ये डेबियन-मल्टिमीडिया हे नाव सोडून डेब-मल्टिमीडिया झाली. जुन्या डोमेनची मुदत संपली, ते तिऱ्हाइताने घेतलं, आणि जून 2013मध्ये डेबियनला जाहीर सांगावं लागलं की हा पत्ता आपल्या यादीतून काढून टाका. किती संगणक त्या पत्त्यावर रोज अपडेट विचारत होते, त्यांच्या मालकांना याची गंधवार्ताही नसेल. त्याच वर्षी मेडिबुंटूही बंद पडलं. 2018मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआर या वापरणाऱ्यांनीच चालवलेल्या भांडारातलं पीडीएफ वाचण्याचं ‘एक्रोरीड’ हे पॅकेज कुणी सांभाळत नव्हतं. एका अनोळखी खात्याने ते रीतसर दत्तक घेतलं आणि त्यात घातक स्क्रिप्ट घुसवली. दार फोडावं लागलं नाही, कारण राखणदारच उरला नव्हता.

यावर कुणी म्हणेल, अधिकृत रिपॉझिटऱ्या तरी कुठे सोवळ्या आहेत? मार्च 2024मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली आकसणाऱ्या सॉफ्टवेअरमधला चोरदरवाजा डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोचलाच होता. आक्षेप रास्त आहे, पण त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो. एक्सझेडचा भार एकट्या थकलेल्या माणसावर होता, आणि मदतीला आलेल्या अनोळखी खात्याने हळूहळू सूत्रं हाती घेतली. तरी तो घात डेबियनच्या स्थिर आवृत्तीत शिरण्याआधी पकडला गेला, कारण मध्ये चाचणीच्या पायऱ्या होत्या. त्याच टप्प्यावर, एसएसएचने दूरच्या संगणकात लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने सोडला नाही. एकट्याच्या पीपीएत सकाळी चढवलेलं पॅकेज संध्याकाळी आपल्या संगणकात असतं, मध्ये पायरीच नसते. दुसरा आक्षेप असा की बाहेर पाहिलं नाही तर जुन्याच आवृत्त्यांवर दिवस काढावे लागतात. खरं आहे, पण उपाय एकटादुकटा पत्ता हाच नाही. लिव्हना, फ्रेशआरपीएम्स आणि ड्रिबल यांनी 2008मध्ये एकत्र येऊन आरपीएम फ्यूजन उभं केलं. ते आजही चालू आहे, कारण ओझं अनेकांच्या खांद्यावर आहे. फ्लॅटपॅकने तर पॅकेजला रूटचा अधिकार न देता, कुंपणात ठेवून चालवायची वाट दाखवली.

आपल्या भाषेचा अनुभवही हेच सांगतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले लोहित फाँट रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले आणि ते फेडोरा, डेबियन यांच्या मूळ रिपॉझिटऱ्यांत दाखल झाले. त्यामुळे लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून मराठी माणसाला कुणा अनोळख्याच्या दारात जावं लागत नाही, आणि माणसं बदलली तरी ती सोय टिकते. मराठीसाठी नवं काही करणाऱ्यांनी स्वतःचा पीपीए काढून थांबू नये. काम मूळ रिपॉझिटरीत पोचवण्याची कटकट सोसावी, ही माझी कळकळीची विनंती. वापरणाऱ्यानेही जोडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: मागे एक माणूस आहे की गट, शेवटचं अपडेट कधीचं आहे, आणि किल्ली त्याच रिपॉझिटरीशी बांधली आहे का. नवी आवृत्ती बसवताना उबुंटू बाहेरच्या जोडण्या बंद करतं, पण तिथून आलेली पॅकेजेस तशीच राहतात आणि त्यांना अपडेट मिळत नाहीत. तेव्हा ती एकेक तपासून, नको ती काढायलाच हवीत. बाहेरची रिपॉझिटरी जोडण्यात गैर काही नाही. जोडून विसरण्यात आहे.