पाण्याची साक्ष

नदीकाठी बाटली भरून घेतली की पाण्याचा नमुना सिद्ध झाला, ही सर्वसाधारण समजूत दूर होणे अगत्याचे आहे; कारण बाटलीत कोंडलेले पाणी स्वस्थ बसत नाही, त्यातील सूक्ष्म जीव प्राणवायू खर्चीत राहतात, विरघळलेले धातू बाटलीच्या अंगाला धरू लागतात, आणि तापल्या जीपमधून दुसऱ्या दिवशी तो नमुना प्रयोगशाळेत रुजू होईतो नदीचे मूळ स्वरूप त्यात उरलेले नसते.

म्हणून ज्या घटकाची तपासणी करावयाची, त्याप्रमाणे बंदोबस्तही निराळा. प्राणवायूसाठी ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, आत एकही बुडबुडा राहू न देता, काठोकाठ भरावी लागते आणि लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दाखविलेल्या रीतीने मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइडची द्रावणे तीत तेथल्या तेथे सोडावी लागतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, मुळीच नसेल तर तो पांढराच राहतो, आणि नदीच्या दुर्दशेचा याहून रोकडा पुरावा मला ठाऊक नाही. धातूंसाठी नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणतात. जंतुपरीक्षेसाठी नळाचे पाणी घेताना निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते. ते नसेल तर उरलेला क्लोरिन वाटेतही जंतू मारीत राहतो आणि दूषित पाणी निर्दोष ठरते. बहुतेक नमुने बर्फात, सुमारे ४ अंश सेल्सिअसला, ठेवावयाचे. मात्र वितळत्या बर्फाने चिठ्ठीवरची शाई पुसली, तर ती सारी मेहनत बेवारस होते.

हा केवळ दप्तरी काटेकोरपणा नव्हे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ अन्वये कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना मालकास रीतसर नोटीस द्यावी, त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत आणि दोन्ही पात्रांवर खूण, मोहोर व उभयतांच्या सह्या असाव्यात, असा दंडक आहे. तो पाळला नाही तर पृथक्करणाचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. एका राहिलेल्या सहीपायी विषारी सांडपाणी सोडणारा निर्दोष सुटावा, याहून मोठा अन्याय नदीकाठच्या गावांवर कोणता?

गावच्या विहिरीचा नमुना घेण्यास कोणी आले, तर गावकऱ्यांनी शेजारी उभे राहावे. जागा, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचे नाव बाटलीवर पक्क्या शाईने लिहिले गेल्याखेरीज ती गावाबाहेर जाऊ देऊ नये.