ॲसिडची टाकी, काँक्रीटची भिंत आणि मावळचा पाऊस

कारखान्यात रसायनाच्या टाकीभोवती काँक्रीटची एक बुटकी भिंत दिसते. तिला डाइक वॉल म्हणतात. टाकी फुटली तर माल तिथेच अडावा, एवढंच तिचं काम. सर्वसाधारण रीत अशी, की सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के माल आत मावला पाहिजे.

पण नुसती जागा असून भागत नाही. भिंत टिकायलाही हवी. काँक्रीट अल्कधर्मी असतं. ताज्या काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२.५ च्या वर असतो. त्यावर सल्फ्युरिक ॲसिड सांडलं की सिमेंटमधल्या चुन्याचं जिप्सम होतं. ते जास्त जागा व्यापतं, त्यामुळे पृष्ठभाग फुगतो आणि पोपडे सुटतात. हायड्रोक्लोरिकची तऱ्हा निराळी. त्यातून तयार होणारं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळून वाहून जातं, आणि आत झिरपलेलं क्लोराइड सळ्या गंजवतं. काँक्रीट कितीही वरच्या ग्रेडचं घ्या, ही क्रिया थांबत नाही.

म्हणून वरून कोटिंग लागतं, आणि ते रसायन बघून निवडायचं. कॉस्टिकला साधं इपॉक्सी बहुधा चालतं. तीव्र सल्फ्युरिकला नोव्होलॅक इपॉक्सी, हायड्रोक्लोरिकला व्हिनाइल एस्टर. भिंत आणि तळ मिळतात तो कोपरा, सांधे आणि पाइप आरपार जातो ती जागा, गळती बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

आता मावळातली अडचण. समजा टाकी १०,००० लिटरची आहे आणि डाइकमध्ये ११,००० लिटर मावतं. आतलं क्षेत्रफळ २० चौरस मीटर. लोणावळ्यात जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणं नवलाचं नाही. म्हणजे आत २,००० लिटर पाणी! उरली ९,००० लिटरची जागा. टाकी त्या दिवशी फुटली, तर १,००० लिटर बाहेर.

मग व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा का? अजिबात नाही. मग डाइक असून नसल्यासारखंच. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, पाण्याचा पीएच तपासायचा आणि मगच माणसाने उभं राहून ते सोडायचं. जमलं तर वर शेड घालायची.

कोटिंगचं कामही पावसाआधीच उरका. ओल्या काँक्रीटवर ते धरत नाही. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवा. सकाळी खाली दव दिसलं तर थांबा. वरची सिमेंटची ठिसूळ साय घासून काढल्याशिवाय पहिला हात मारू नका.

इथल्या ओढ्यांचं पाणी इंद्रायणीला मिळतं, आणि इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते. म्हणून ही बुटकी भिंत फक्त कारखान्याची नाही.