कल्हई आणि यंत्रमानव

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने झाळकामावर, म्हणजे सोल्डरिंगवर, लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. परंतु धाकट्या भावाच्या छोट्या यंत्रमानवाच्या तारा जोडण्याचे काम माझ्याकडे आले आणि ही विद्या शिवथरसारख्या गावाला अगदी परकी नाही, हे ध्यानात आले. पितळी भांड्यांना कल्हई लावणाऱ्या कारागिराच्या कामाचे हे धाकटे भावंडच होय.

कल्हईवाला आधी भांडे तापवतो, नवसागराने त्यावरचा मळ काढतो आणि मग कथील फिरवतो. कथील वितळते ते भांड्याच्या उष्णतेने. झाळकामाचे सारे रहस्य इथेच आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे एकत्र केले की मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होते.

प्रथम तारेचे टोक तीन-चार मिलिमीटर सोलावे, पीळ द्यावा व त्यावर झाळ चढवून घ्यावी. मग तार संवेदकाच्या पट्टीवरील छिद्रात घालून तापलेले टोक तार व तांब्याची चकती या दोहोंना एकदम टेकवावे. दोन-तीन सेकंदांनी झाळ तारेला लावावी, आयुधाच्या टोकाला नव्हे. ती आपोआप पसरते. आयुध उचलल्यावर झाळ गोठेपर्यंत तार हलता कामा नये.

नवसागर मात्र इथे वर्ज्य. त्याचा अंश मागे राहिला, तर आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत तांबे कळकते. म्हणून राळ वापरतात. राळेचा धूर नाकात जाऊ नये यासाठी खिडकी उघडी ठेवावी आणि शिशामुळे काम संपताच हात धुवावेत.

चांगला सांधा टेकडीच्या उतारासारखा तारेकडून चकतीकडे पसरलेला दिसतो. गोळीसारखा वर बसलेला सांधा बहुधा कच्चा असतो. तो चिकटलेला दिसतो, पण वीज कधी वाहते, कधी नाही. मीटर लावून तार हळूच हलवली की खरेखोटे कळते.

एवढी काळजी कशाला? काही जोडण्यांत संकेताची तार तुटली, तरी यंत्राला 'पुढे अडथळा नाही' असाच अर्थ लागतो. तुटलेली तार आणि मोकळी वाट त्याला सारखीच. खेळण्यातला यंत्रमानव फार तर भिंतीवर आपटेल. पण नदीची पातळी किंवा पाऊस मोजणारी यंत्रेही अशाच सांध्यांवर चालतात. २२ जुलै २०२१ रोजी आमच्या महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, महाड शहर पुराने वेढले. अशा मुलखात यंत्राचे गप्प राहणे म्हणजे सारे कुशल आहे, असे धरून चालत नाही. म्हणून संवेदकाने 'मी जागा आहे' असा संकेत ठरावीक वेळाने पाठवत राहावा, अशी योजना करणे शहाणपणाचे. आणि तो संकेत ज्या तारेतून यायचा, तिचा सांधा पक्का हवा.