जिथे बचत हा गुन्हा आहे

आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावेत असे शिकवतात. निआ सो कोप्रोसमध्ये असे वागणारा माणूस गुन्हेगार ठरतो. भविष्यातल्या कोरियातले हे राज्य. प्रत्येक नागरिकाने आपल्या वर्गाला नेमून दिलेली रक्कम दर महिन्याला खर्च केलीच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. बोटात बसवलेली चिप हेच ओळखपत्र आणि हेच पाकीट. ती नसेल तर तो माणूस कोणीच नाही.

इंग्रज कादंबरीकार डेव्हिड मिचेल यांनी २००४ च्या ‘क्लाउड अ‍ॅटलस’मध्ये हे राज्य उभे केले. एकमेकींत गुंतलेल्या सहा कथांपैकी ही पाचवी. कादंबरीत सालाचा उल्लेख नाही. २०१२ च्या चित्रपटाने मात्र २१४४ हे साल आणि ‘निओ सोल’ हे शहर ठरवून टाकले. मिचेल बरीच वर्षे हिरोशिमात राहिले होते. त्यांनी इथे कोरियाचे दोन्ही तुकडे सांधलेले दिसतात. ‘जुचे’ हे सत्ताकेंद्राचे नाव आणि सर्वोच्च नेत्याची भक्ती उत्तरेकडची. बड्या कंपन्या, जाहिराती आणि ग्राहकराजा दक्षिणेकडचा. हुकूमशाही आणि बाजारपेठ एकमेकींच्या विरोधात असतात, या समजुतीला इथे थारा नाही. इथे बाजार हेच सरकार आहे.

या राज्याचा डोलारा ज्यांच्या खांद्यावर उभा आहे, ती माणसे टाक्यांमध्ये वाढवलेली आहेत. त्यांना ‘फॅब्रिकंट’ म्हणतात. सोनमी-४५१ ही त्यांपैकीच एक. सोलमधल्या ‘पापा सॉंग’ या जमिनीखालच्या, बिनखिडक्यांच्या उपाहारगृहात ती वाढपी आहे. पहाटे साडेचारला हवेत सोडलेले उत्तेजक द्रव्य तिला जागे करते. मग मालकाच्या प्रतिमेसमोर प्रार्थना, मग दिवसभर काम. अन्न म्हणून ‘सोप’ नावाचे एकच द्रव्य. त्यातच स्मरण आणि कुतूहल मारणारे औषध. वर्षाला गळपट्टीवर एक तारा मिळतो. बारा तारे झाले की हवाईला सुखाचे आयुष्य, असे वचन.

हे वचन खोटे आहे. सोनमीची जाणीव जागी होते, ती वाचू लागते, आणि पुढे तिला सत्य दाखवले जाते. हवाईच्या नावाखाली जहाजावर नेलेल्या वाढपिणींची तिथेच कत्तल होते आणि त्यांच्या देहांपासून पुन्हा ‘सोप’ बनते. यातले क्रौर्य कोणाच्या रागातून आलेले नाही, ते हिशोबातून आलेले आहे. फॅब्रिकंट पोसायला प्रथिने लागतात आणि ती इथे सर्वांत स्वस्त पडतात, एवढाच विचार. माणसाला फक्त जमा-खर्चाच्या वहीत पाहणारी कोणतीही व्यवस्था याच दिशेने निघालेली असते, म्हणून हे काल्पनिक राज्य मला गंभीरपणे घ्यावेसे वाटते.

त्याहून भयंकर आहे ते विरोधाचे व्यवस्थापन. सोनमीला मदत करणारी ‘युनियन’ ही भूमिगत संघटना सत्तेच्याच हातातली असते. असंतुष्टांना एका जागी गोळा करायचे आणि जनतेला एक शत्रू दाखवायचा, यासाठी ती चालवलेली. सोनमीचे पलायन, तिचा जाहीरनामा, तिच्यावरचा खटला हे सगळे आधीच लिहून ठेवलेले नाटक असते, फॅब्रिकंटांविषयी भीती पसरवण्यासाठी. मृत्युदंडापूर्वी मुलाखत घेणाऱ्या अभिलेखकाला ती हे शांतपणे सांगते.

मग ती त्या नाटकात सामील का झाली? कारण खटला गाजवण्याच्या भरात राज्याने तिचे ‘पाखंडी’ विचार शाळकरी मुलांपर्यंत पोहोचवले होते. एवढा प्रसार तिला एकटीला कधीच साधला नसता. कादंबरीत पुढे हे राज्य लयाला जाते, आणि कित्येक पिढ्यांनंतर हवाई बेटांवरचे साधे लोक सोनमीला देवी मानतात. मिचेल यांनी तिला विजयी केलेले नाही, ती मरतेच. पण सर्वशक्तिमान सत्तेची मर्यादा त्यांनी अचूक दाखवली आहे. शब्द कोणी, कुठे आणि कधी उच्चारायचे हे ती ठरवू शकते. ऐकणाऱ्याने त्यांचे काय करायचे, हे ठरवणे तिच्या हातात नसते.